दवाखाना कुठे हवा, किती वाजता हवा?

प्रश्न : आमच्या वस्तीपासून पालिकेचा दवाखाना जेमतेम दहा मिनिटांवर आहे. तरी बायका दुखणं अंगावरच काढतात. असं का? (घरकामगार महिला, गोवंडी)

उत्तर : दहा मिनिटं एकट्या, धडधाकट माणसाला लागतात. एक मूल कडेवर, दुसऱ्याचं बोट धरलेलं आणि मध्ये घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड, मग किती? पहाटे पाणी भरायचं, सातला पहिलं काम, हातातलं शेवटचं घर आटपेपर्यंत ओपीडी बंद. केसपेपरच्या रांगेत थांबायचं तर खाडा होतो आणि पगार कापला जातो.

2013 च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने साधारण 50,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र धरलं. ते वस्तीत किंवा अर्ध्या किलोमीटरच्या आत असावं आणि संध्याकाळची ओपीडी असावी, असंही म्हटलं. माझ्या मते आकड्याइतकीच वेळही महत्त्वाची. मुंबईत 2022 मध्ये सुरू झालेल्या 'आपला दवाखाना'ची वेळ रात्री दहापर्यंत ठेवली, ती याचसाठी. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना सह्यांचं निवेदन द्या, त्यात तुमच्या कामाच्या वेळा लिहा.

आणि संडासाचंही लिहा. एका केंद्रात गरोदर बाईला लघवी तपासायला सांगितली आणि बाथरूमला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला गेलेला. ती बाई तशीच घरी गेली. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

प्रश्न : झोपडी सुटली, पक्की खोली मिळाली. तरी आमच्या इमारतीत टीबीचे इतके पेशंट कसे? (पुनर्वसन वसाहतीतील रहिवासी)

उत्तर : कारण तुमच्या खोलीत ऊन-वारा येत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमधल्या अशा इमारतींचा अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. त्यात टीबीचा संबंध थेट इमारतींच्या रचनेशी दिसला. खेटून बांधलेल्या इमारतींत खालच्या मजल्यांची स्थिती सर्वांत वाईट. तिथे गोळ्या देणारं केंद्र हवंच, पण पुढचा नकाशा मंजूर होताना आरोग्य खात्याचा माणूस टेबलाशी बसलेला हवा. केंद्रात टीबीची वेगळी खिडकीही नको. लग्नाची मुलगी त्या रांगेत शेजाऱ्यांसमोर उभी राहत नाही, आणि गोळ्या मध्येच सुटतात.

प्रश्न : छोट्या दवाखान्यांपेक्षा एक मोठं हॉस्पिटल बरं नाही का? (वाचक, कुर्ला)

उत्तर : नाही. बीपी-शुगरची गोळी गल्लीत मिळाली, तरच केईएम आणि सायनच्या डॉक्टरांना मोठ्या आजारांसाठी वेळ मिळेल.