सांके की शोवा? आधी डोकं बघ

भावा, सांके आणि शोवा या कोई माशाच्या दोन लाल-पांढऱ्या-काळ्या जाती. यातला मासा निवडताना आधी डोकं बघ. सांकेच्या डोक्यावर काळा नसतो. त्याचे काळे डाग पाठीवर, अंगाच्या मधल्या रेषेच्या वरच थांबतात. शोवाचा काळा मात्र डोक्यावर चढतो, पोटाकडे गुंडाळत उतरतो आणि छातीच्या परांच्या मुळाशी दाट बसतो. १९२७ साली जपानात की-उत्सुरी (काळा-पिवळा कोई) आणि कोहाकू (पांढरा-लाल कोई) यांच्या संकरातून शोवा आला. काळा हा त्याचा पाया, वरचा ठिपका नव्हे.

कोल्हापुरातल्या दुकानात मासा काचेतून बाजूनं दिसतो. त्यावर ठरवू नको. निळ्या टबात सोडायला सांग आणि वरून बघ, हौदात तो तसाच दिसणार आहे. लाल डागाची मागची कड कापल्यासारखी हवी. पुढच्या कडेला पांढऱ्या खवल्याखालून लाल अंधूक दिसतो, तो दोष धरू नको.

लहान शोवाचा काळा बहुतेकदा राखाडीच असतो, भरायला वर्षं लागतात. त्यासाठी चांगल्या अंगाचं पिल्लू सोडू नको. खांदे रुंद आणि पाठ सरळ असेल तर खुशाल घे. पांढरा पिवळट पडत असेल तर स्पिरुलिनाचं (एक प्रकारच्या शेवाळाचं) खाद्य कमी कर. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय भरू नको. आणि नको झालेला कोई रंकाळा तलावात सोडायचा नाही, कुणाला तरी दे.