मनगटावर कोरायचं, अर्जात लपवायचं

एका वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

'वय ४८. मधुमेह पंधरा वर्षांचा, गेली दोन वर्षं इन्सुलिन. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये शुगर ५२ पर्यंत उतरली. जीभ जड झाली, तोल जायला लागला आणि सहकाऱ्यांना वाटलं, मी भर दुपारी घेऊन आलोय. तेव्हाच मेडिकल आयडीचं, म्हणजे आजाराची माहिती कोरलेलं ब्रेसलेट करायचं ठरवलं. सराफाने २२ कॅरेटचं सुचवलंय. किंमत माझ्या दोन पगारांइतकी, त्यात वीस टक्के घडणावळ. बारा हप्त्यांत देता येईल, व्याज वर्षाला १५ टक्के. पण सोनं तर दरवर्षी १५ टक्के वाढतंच, म्हणजे व्याज फिटलं आणि गुंतवणूकही झाली. दहा टक्के इसार दिलाय. दुसरा पर्याय स्टीलचा, सोन्याच्या पन्नासाव्या हिश्श्यात. पण पत्नीला ते रुग्णालयातल्या पट्ट्यासारखं वाटतं. आजार चटकन दिसू नये असं तिचं म्हणणं. सोनं घेऊ की स्टील? उपचारांच्या खर्चाची चिंता नाही. सहा वर्षांपूर्वी वीस पगारांचा आरोग्य विमा घेतलाय. एजंट चांगला भेटला. शुगर गोळ्यांवरच आहे, अर्जात लिहू नका म्हणाला, नाहीतर हप्ता पाव पटीने वाढला असता.'

स्टील घ्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. शेवटच्या चार ओळी मात्र मी तीनदा वाचल्या, कारण ब्रेसलेटपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही तिथे सहज सांगून गेलात.

तरी आधी सोन्याचा हिशेब उरकू, नाहीतर तुमचं मन त्यातच अडकून राहील. ब्रेसलेट शंभरचं धरा. वीस घडणावळीचे, ते दुकानाची पायरी उतरलात की गेले. उरलं ऐंशीचं सोनं. मोड द्यायला गेलात की थोडी घट लागणारच, पंच्याहत्तर हातात पडतील. तुमचा आजार कोरलेलं ब्रेसलेट जसंच्या तसं कोणी विकत घेणार नाही, ते वितळणारच. हप्त्यांवरचं व्याज वर्षात आठेक. म्हणजे तुम्ही भरणार १०८ आणि वस्तू ७५ ची. नुसत्या बरोबरीला यायला सोनं ४४ टक्के चढायला हवं. आणि 'दरवर्षी १५ टक्के वाढतंच' हे तुम्हाला सराफाने सांगितलं की व्हॉट्सॲपने? जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं होतं. तो आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. त्या अठ्ठावीस वर्षांत 'वाढतंच' म्हणणाऱ्यांची एक अख्खी पिढी निवृत्त झाली. सोनं घ्यायचंच असेल तर बिनघडणावळीचं घ्या, उधारीवर घेऊ नका आणि त्याला औषधाचं लेबल लावू नका.

आता विमा.

तुम्ही सांगितलेलेच आकडे घेतो. कवच वीस पगारांचं. वर्षाचा हप्ता तुम्ही लिहिलेला नाही, अर्धा पगार धरू. पाव पटीने वाढला असता म्हणजे वर्षाला पगाराचा आठवा हिस्सा जास्त. सहा वर्षांत झाला पाऊण पगार. पाऊण पगार वाचवण्यासाठी तुम्ही वीस पगार टांगणीला लावलेत, आणि वर सहा वर्षांचे तीन पगार हप्त्यापोटी भरलेत ते वेगळेच. ज्याला तुम्ही 'चांगला एजंट' म्हणता, त्याचं कमिशन मात्र दरवर्षी वेळेवर जमा झालं असेल.

विम्याचा करार समोरच्याने सगळं खरं सांगितलं, या गृहीतावर उभा असतो. अर्जात 'मधुमेह आहे का' विचारलं आणि तुम्ही 'नाही' म्हणालात, तेव्हा तुम्हाला तो नऊ वर्षांचा होता. 'गोळ्यांवरच होता' हे कारण कुठेच चालत नाही. प्रश्न 'इन्सुलिन घेता का' असा नव्हता. शिवाय एजंटचा सल्ला तोंडी होता, सही तुमची आहे.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा असा अर्ज मी स्वतः पाहिलाय. आजारांच्या पंचवीसेक चौकटी, प्रत्येकीत एकाच वळणाचं 'नाही', निळ्या शाईत. खाली काळ्या शाईत बाईंची सही. तो कागद त्यांनी नीट वाचला तो दावा फेटाळला गेल्यावर.

दाव्याच्या वेळी आजार दडत नाही. दाखल होताना डॉक्टर पहिल्या पाच प्रश्नांत विचारतात, 'शुगर किती वर्षांपासून?' उत्तर तुमची पत्नी देणार, आणि खरंच देणार, तिने खरंच द्यायला हवं. ते केसपेपरवर उतरतं: 'मधुमेह, १५ वर्षं.' विमा कंपनीचा माणूस आधी हीच ओळ शोधतो. मग जुन्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, एचबीए१सीचे, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचे रिपोर्ट. आणि आता तुम्ही मनगटावर आणखी एक पुरावा घालून जाणार आहात, तोही दोन पगार खर्चून! मधुमेहाचा संबंध फक्त शुगरशी नसतो. हृदय, किडनी, डोळे, पायाची जखम, यातला कुठलाही मोठा दावा त्या 'नाही'पाशी येऊन अडू शकतो.

अनेक पॉलिसींमध्ये ठराविक वर्षांनंतर जुनी माहिती उकरून काढायला कंपनीला मनाई असते. तुमच्यात तसं कलम असेल तर किती वर्षांचं, ते छापलेलं असेल, वाचा. पण त्यात बहुतेकदा फसवणुकीचा अपवाद असतो, आणि माहीत असून लपवलं हे तुम्ही स्वतःच्या हाताने मला लिहून पाठवलंय. त्या कलमाच्या भरवशावर झोपू नका.

करायचं काय? पॉलिसीसोबतच्या मूळ अर्जाची प्रत काढा, घरात नसेल तर कंपनीकडून मागवा. मग निदानाचं वर्ष, सध्याची औषधं आणि शेवटचा एचबीए१सी देऊन कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. कंपनी हप्ता वाढवेल, मधुमेहाशी संबंधित आजारांना प्रतीक्षा काळ लावेल (तो संपेपर्यंत त्यांचा खर्च मिळत नाही) किंवा पॉलिसी रद्दही करेल. तिसरी शक्यता खरी आहे, म्हणून पत्र पाठवण्याआधी दुसऱ्या एक-दोन कंपन्यांकडे सगळं खरं लिहून चौकशी करून ठेवा. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. हे सगळं धडधाकट असताना करायचं. रुग्णालयाच्या खाटेवरून लिहिलेल्या कबुलीला कोणी कबुली म्हणत नाही. टर्म इन्शुरन्स, म्हणजे तुमच्या मागे घरच्यांना पैसे देणारा विमाही याच एजंटकडून घेतला असेल तर तो अर्जही काढा, कारण तिथला दावा मागायला तुम्ही नसाल.

तोवर रुग्णालयासाठी म्हणून तीन-चार पगार बाजूला हवेत. ब्रेसलेटवर जाणार होते ते दोन पगार आधी त्यातच टाका.

ब्रेसलेटची कल्पना मात्र उत्तम, तिच्यावर पाणी टाकू नका. ७० च्या खाली शुगर गेलेला माणूस दारूड्यासारखा वागू शकतो, हे तुम्ही अनुभवलंत. रुग्णवाहिकेतली माणसं मनगट आणि गळा चाचपतात, त्यामुळे खूण तिथेच हवी आणि ओळखू येणारी हवी: काठीला साप गुंडाळलेली सहा टोकांची चांदणी. नक्षीत दडलेलं चिन्ह कोणी बघणार नाही. शिवाय सोनं चोरीच्या धास्तीने लॉकरमध्ये जाईल आणि शुगर उतरेल त्या दिवशी तुमचं मनगट रिकामं असेल.

स्टील ३१६एल प्रतीचं बघा. निकेलने अंगावर पुरळ उठत असेल तर टायटॅनियम. अक्षरं कोरलेली हवीत, मुलाम्यावर छापलेली वर्षा-दोन वर्षांत घासून जातात. पट्टी करंगळीच्या दोन पेरांएवढीच असते, त्यामुळे मजकूर चार ओळींचा: तुमचं नाव, 'मधुमेह, इन्सुलिनवर', औषधाची ॲलर्जी असेल तर ती, पत्नीचा फोन. जिथे राहता तिथली रुग्णवाहिका ज्या लिपीत वाचते, त्या लिपीत. गोळ्यांची यादी कोरू नका, ती बदलते. ती पाकिटातल्या कागदावर आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर. आयफोनमध्ये ही सोय २०१४ पासून फुकट आहे. क्यूआर कोडवालं, वर्षाला वर्गणी मागणारं ब्रेसलेट कोणी गळ्यात मारू पाहील. त्याला विचारा, वर्गणी थकली की कोड काय दाखवतो? धातूवर कोरलेल्या अक्षरांना नेटवर्क लागत नाही.

पत्नीला पट्टा रुक्ष वाटतो, तर साखळी त्यांच्या पसंतीची घ्या, पट्टी तेवढी साधी ठेवा. मीटिंगमधल्या दोघांना तरी सांगून ठेवा, की पुन्हा असं झालं आणि तुम्ही शुद्धीवर असलात तर पंधरा ग्रॅम साखर पोटात जाऊ द्यायची आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा बघायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची.

राहता राहिला इसार. सराफाकडे परत मागा, पावतीवर 'परत मिळणार नाही' छापलं असलं तरी मागा. नाहीच दिला तर शंभरातले दहा बुडाले. ब्रेसलेट घेतलंत तर तेहतीस बुडतात.