तणाचं खातं नाही, काम मात्र ढीगभर आहे

धायरीहून एका आईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. 64 टक्के, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय होते. दोन वर्षं तो दर रविवारी टेकडीवर गाजरगवत आणि कॉसमॉस उपटणाऱ्या मुलांबरोबर जातो. अमेरिकेत तण काढायला आणि रस्ते सांभाळायला स्थानिक सरकारचं खातं असतं, असा व्हिडिओ त्याने पाहिला. तेव्हापासून 'मला असंच काम करायचंय' म्हणून अडून बसलाय. त्याचे काका म्हणतात, एवढं शिकून रस्त्यावरचं गवत काढणार का? खासगी कॉलेजची लाखांची फी आम्हाला झेपणार नाही. असं काम पुण्यात आहे का? त्यात पुढे काही आहे का? गेल्या पावसाळ्यात त्याच्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठलं होतं, पण तो विचारलं तरी सांगत नाही."

ताई, नोकरीचं नंतर बोलू, आधी त्या पुरळाचं बघू. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मुलाची वाट ठरेल ती त्यावरच.

गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं आणि काहींच्या कातडीला ते अजिबात सोसत नाही. एकदा ही ॲलर्जी लागली की सहसा ती आयुष्यभर सुटत नाही, आणि दर पावसाळ्यात वाढत जाऊ शकते. सुरुवात हातांपासून होते. मग मानेच्या घडीत, कोपराच्या आतल्या बाजूला आणि पापण्यांवर येते. पुढे झाडाला हात लावायचीही गरज राहत नाही. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यावर आले तरी चेहरा सुजतो. अशा काही लोकांना शेवंतीसुद्धा सोसत नाही, कारण ती त्याच कुळातली. शिवाय गाजरगवताचे परागकण नाकात गेले की शिंका, सर्दी, दमा हे वेगळंच. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, दुखत नाही. ससूनमध्येही त्वचारोग विभाग आहे. तोवर टेकडीवर जाणं बंद. गेलाच तर पूर्ण बाह्या आणि रबरी हातमोजे हवेतच. तो रागावेल, रागावू द्या.

आता तुमचा प्रश्न. त्याने पाहिलं ते खरं आहे. अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्का, आयडाहो अशा शेतीप्रधान राज्यांत काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारने, तणनियंत्रणाचं काम करावं असा कायदाच आहे. घातक तणांची यादी राज्य ठरवतं. जमीनमालकाने ती काढली नाहीत तर काउंटी काढते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हे काम स्थानिक परिषदांकडे आहे. आपल्याकडेही कर्नाटकाने 1975 मध्ये गाजरगवताला कायद्याने घातक तण ठरवलं होतं. पण पुणे महापालिकेच्या जाहिरातीत 'तण निरीक्षक' हे पद शोधाल तर सापडणार नाही, जिल्हा परिषदेतही नाही. काम आहे, ते चार खात्यांत वाटलेलं आहे. दुभाजकातलं आणि बागेतलं उद्यान विभागाकडे. रस्त्याच्या कडेचं आणि साइडपट्टीवरचं पथ विभागाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयाकडे. नदीतली आणि तलावातली जलपर्णी कधी डासांमुळे आरोग्य खात्याकडे, तर कधी पर्यावरणाकडे. हद्दीबाहेर गेलं की सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नाहीतर ग्रामपंचायत.

वास्तविक हे खातं कुठे असायला हवं होतं, तर पुण्यातच. गाजरगवताच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक पुण्यातली आहे, 1955 च्या सुमारासची. पुढे ते देशभर पसरलं. एका झाडाला दहा हजारांच्या वर बी येतं. म्हणून ते फुलायच्या आत उपटायचं असतं, फुलल्यावर उपटून फक्त बी पेरल्यासारखं होतं. ग्रासकटरने वरून कापलं तर बुंध्यातून परत फुटतं. आपल्याकडे नेमकं इथेच चुकतं. वर्क ऑर्डर निघते, माणसं येतात, कापणी होते, बिल निघतं, आणि हे सगळं फुलोरा येऊन गेल्यावर. हे वेळापत्रक ज्याला कळतं असा माणूस खात्यात असला तर त्याच पैशांत दुप्पट काम होईल. मेक्सिकोतून 1980 च्या दशकात आणलेले गाजरगवत खाणारे भुंगेरे पावसाळ्यात पानं चाळणीसारखी करतात. टाकळ्यासारख्या वनस्पती त्याला जागा मिळू देत नाहीत. हे तुमच्या मुलाला बहुधा माहीत असेल. फाइलवर सही करणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं, याची मला काळजी वाटते.

तणनाशक फवारलं की झालं, असं त्याला कुणी सांगेल. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्राने 2022 मध्ये निर्बंधांची अधिसूचना काढली, फवारणी प्रशिक्षित पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच व्हावी म्हणून. आणि आपलं पावसाळी गटार शेवटी मुठेलाच मिळतं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघायची सवय त्याला आत्तापासून लावा: लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

रस्ते आणि तण ही दोन कामं अमेरिकेत एका ठिकाणी का येतात, ते तुम्हाला घराजवळ बघता येईल. पहिले दोन पाऊस झाले की सिंहगड रस्त्याला लागून असलेल्या एखाद्या आतल्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहा. साइडपट्टीवर वर्षभराची धूळ-माती साचलेली असते. तिच्यात गवत रुजतं, मुळं ती माती धरून ठेवतात, आणखी माती अडते. दोन-तीन वर्षांत साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते. मग पावसाचं पाणी बाजूच्या गटारात उतरत नाही, डांबराच्या कडेला थांबतं. तिथल्या बारीक भेगांतून खाली मुरतं. खालचा मुरूम मऊ पडतो, काळी माती असेल तर फुगते. वरून पीएमपीची बस गेली की कड तुटते, आणि कडेचा तुकडा निघाला की खड्डा आत सरकत जातो. लोक डांबराला शिव्या देतात. त्यातले कितीतरी खड्डे वेळेवर न काढलेल्या गवताचे आणि न उपसलेल्या गटाराचे असतात. जंगली महाराज रस्त्याचं कौतुक पुण्यात सगळेच करतात; सत्तरच्या दशकात 10 वर्षांच्या हमीवर बांधलेला तो रस्ता पुढे कितीतरी वर्षं टिकला. नवा रस्ता बांधताना तशी हमी मागता येते, पण शहरातले बाकीचे शेकडो किलोमीटर रोजच्या देखभालीवरच जगतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या मुलाने स्थापत्य म्हणजे सिव्हिलच्या दाराने आत जावं. साइडपट्टी साफ करायची, गटार उपसायचं, हे अंदाजपत्रकात घालणारा, मोजमाप पुस्तकात नोंद करणारा आणि ठेकेदाराला जूनमध्येच कामाला लावणारा माणूस म्हणजे कनिष्ठ अभियंता. तणाचं ज्ञान असलेला सिव्हिल अभियंता दुर्मीळ आहे. त्याचं टेकडीवरचं शिक्षण इथे कामाला येईल.

वाट अशी: बारावी सायन्स झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे सिव्हिल डिप्लोमा दोन वर्षांत. जागा मोजक्या असतात. नाही मिळाली तर पहिल्या वर्षापासून तीन वर्षं. पुण्याचं शासकीय तंत्रनिकेतन पहिल्या पसंतीला टाका, फीचा प्रश्न तिथे बराचसा सुटतो. खासगीत लाखो रुपये भरून पदवी घ्यायची गरज नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या बहुतेक जाहिरातींना पदविका चालते, आणि वेतनश्रेणी 38600 ते 122800 आहे. त्याच्या खालचं पद स्थापत्य अभियांत्रिकी सहायक, 25500 ते 81100. ते बांधकाम विभागात आणि जिल्हा परिषदेत असतं; दहावीनंतर एक वर्षाचा ठरावीक कोर्स केलेल्यांनाही चालतं, पण डिप्लोमावाले तिथेही अर्ज करतात, त्यामुळे तो कोर्स करून थांबू नये. पुणे महापालिकेच्या जागांवर राज्यभरातून अर्ज पडतात. नुसती पुण्याची वाट बघत बसू नका. नगरपरिषदांची स्थापत्य सेवा वेगळी भरली जाते. सासवड, जेजुरी, भोर अशा गावांत रस्ता, गटार, गवत, पाणी सगळं दोन-तीन अभियंत्यांकडेच असतं. त्याने व्हिडिओत पाहिलेल्या कामाच्या सर्वांत जवळचं ते आहे. बदली राज्यात कुठेही होऊ शकते, हे मात्र आजच त्याच्याशी बोला.

जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. मधली दोन-चार वर्षं रस्त्याच्या कामाच्या ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून काढावी लागतील असं धरून चला, आणि त्यात काही कमीपणा नाही. खड्डा चौकोनी कापायचा, आतली माती पूर्ण काढायची, टॅक कोट म्हणजे चिकटण्यासाठी पातळ डांबराचा थर मारायचा, मगच हॉटमिक्स म्हणजे गरम खडी-डांबर आणि रोलर; पाऊस सुरू असताना नुसती खडी-डांबर ओतली तर आठवड्यात उखडते. हे साइटवर मुकादमाच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतं. तिथे भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, हेल्मेट, चमकणारं जॅकेट आणि कडेला कोन लावतात का, एवढं बघून घ्या. चालत्या वाहतुकीत काम करताना माणसं दगावतात. "ठेकेदाराकडे लागला की पुढे महापालिकेत कायम करून देतो" असं म्हणून कुणी पैसे मागितले तर दारातूनच परत पाठवा.

दुसरी वाट शेतीची. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे, प्रवेश सीईटीच्या गुणांवर. पदवीनंतर महापालिकांत उद्यान निरीक्षक, सहायक उद्यान अधीक्षक अशा जागा असतात, पण कमी. तणांचा शास्त्रीय अभ्यासच करायचा असेल तर जबलपूरला केंद्राचं तण संशोधन संचालनालय आहे. त्याची सीईटी चांगली झाली असेल आणि पॅच टेस्ट निर्दोष आली तर मी ही वाट नाकारणार नाही. टेस्टमध्ये ॲलर्जी निघाली तर ती बंद समजा, त्याला कितीही वाईट वाटलं तरी. सिव्हिलमध्येही रस्त्याच्या कडेला गाजरगवत असणारच, पण तिथे ते हाताने उपटायचं नसतं, आणि त्रास वाढला तर अंदाजपत्रक, आराखडे असं कार्यालयातलं कामही मागता येतं. डॉक्टरांना हे दोन्ही प्रकार सांगून विचारा.

राहिले काका. त्यांना सांगा, पावसाळ्यात आपला रस्ता वाहतो की तुंबतो हे कडेचं गवत ठरवतं, आणि ते काढायला लावणारा माणूस शिकलेला असावा अशी गरज त्यांनाही आहे. बिगारी आणि माळी उन्हातान्हात हेच काम करतात. त्यांच्या कामाला हलकं म्हणणारा अभियंता साइटवर टिकत नाही, म्हणून घरातही मुलासमोर तसं बोललं जाऊ नये, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

पदविकेच्या प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी निकालानंतर लवकरच सुरू होते आणि मुदत थोडी असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच एका फाइलमध्ये लावा. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसील कार्यालयात वेळ लागतो, तो अर्ज याच आठवड्यात करा. सीईटीचे गुण आणि त्वचारोगतज्ज्ञांचा अहवाल हातात आला की मला पुन्हा लिहा, पसंतीक्रम आपण मिळून भरू. पुढचं पत्र मुलाने स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल.