बारभाईंची खाडी

प्रश्न : खाडी बिघडली की सरकारी खाती, कारखानदार, शेतकरी, मासेमार अशा सगळ्यांनी मिळून तिचं व्यवस्थापन करावं, असं तज्ज्ञ सांगतात. पण बारभाईची शेती, काय लागेल हाती? एखाद्या खमक्या अधिकाऱ्याला पूर्ण अधिकार देऊन का टाकत नाहीत?

उत्तर : शंका रास्त आहे. अशा बैठकांना मीही बसतो. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ फार वेळा आलं की काम पुढे सरकणार नाही, हे आता ओळखता येतं. तरीही खमका अधिकारी हा उपाय नव्हे, कारण खाडी बिघडते ती बहुतांशी खाडीबाहेरच्या कारणांनी. अमेरिकेतला चेसापीक उपसागर घ्या. त्याचं पाणलोट सहा राज्यं आणि राजधानीत पसरलेलं, सुमारे १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर. वरच्या अंगाच्या शेतात टाकलेलं जादा खत पावसाबरोबर वाहत येतं, त्यावर शैवाल माजतं, ते मरून कुजतं आणि उन्हाळ्यात उपसागरात तळाजवळचा प्राणवायू संपतो. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचा हात त्या शेताच्या बांधापर्यंत पोचणार कसा? १९८३ साली तिथली तीन राज्यं, राजधानी आणि केंद्राची पर्यावरण संस्था एका करारावर आली, ती या नाइलाजाने.

पण नुसतं ‘मिळून’ म्हणून भागत नाही. त्यासाठी मला फ्लोरिडातला टॅम्पा उपसागर आठवतो. तिथे सगळ्यांनी मोजायचं ठरवलं ते तळाशी उगवणारं समुद्री गवत. सांडपाण्यातलं, खतातलं, वीजकेंद्रांच्या धुरातलं नत्र पाण्यात उतरलं की सूक्ष्म शैवाल माजतं, पाणी हिरवट गढूळ होतं आणि गवताला उजेड मिळेनासा होतो. वरच्या उजेडाचा साधारण पाचवा हिस्सा तरी खाली पोचावा लागतो. गवत गेलं की त्यात लपून वाढणारी माशांची पिल्लं आणि कोळंबी उघड्यावर पडतात. १९५०च्या सुमाराला ४० हजार एकरांवर असलेलं हे गवत १९८२पर्यंत २२ हजारांच्या आत आलं होतं. लक्ष्य ठरलं ३८ हजार एकर. मग हिशेब उलटा मांडला : इतकं गवत हवं तर पाणी किती नितळ लागेल, त्यासाठी शैवाल किती चालेल, आणि म्हणून नत्र किती येऊ द्यायचं. शहरं, वीज कंपन्या, खत कारखाने यांनी तो भार आपसात वाटून घेतला. सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया करण्याची सक्ती मात्र आधीच कायद्याने आली होती. ते काम सलोख्यावर सोडलं असतं तर अजून चर्चाच चालली असती, असं माझं मत.

२०१४ साली लक्ष्य ओलांडलं. २०१६नंतर गवत पुन्हा घटू लागलं. पण दर दोनेक वर्षांनी हवाई छायाचित्रांवरून नकाशे होत असल्यामुळे कुठे किती घटलं, यावर वाद घालायला जागा उरली नाही.

प्रश्न : खाडीचं मुख गाळाने बुजलं असेल तर ड्रेजर लावून मोकळं केलं की झालं ना?

उत्तर : कधीकधी, तेही अर्धंच. ओडिशातल्या चिलिका सरोवराचं मुख असंच बुजत गेलं. खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली आणि १९९३ मध्ये त्याचं नाव रामसर या पाणथळी जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदलं. खारं पाणी परत आलं, मासळी सुधारली, २००२ मध्ये नाव यादीतून निघालं. पण गाळ दोन्हीकडून येतो. समुद्राच्या बाजूने किनाऱ्यालगत सरकणारी वाळू आणि नद्यांकडून माती. म्हणून तिथे वरच्या गावांना सोबत घेऊन मृदसंधारणाचंही काम करावं लागलं.

तेव्हा निविदा काढण्याआधी मुखापासून आत वरपर्यंत ठरावीक ठिकाणी खारेपणा मोजायला घ्या, उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि भांगालाही (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला). कोणती मासळी कुठपर्यंत यायची आणि कधीपासून थांबली, हे जाळं टाकणाऱ्यांकडून विचारून घ्या. ही नोंद वर्षभराची तरी हवी. ती नसेल तर नुसत्या खोलीवरून ड्रेजरवाला सांगेल तितका गाळ तुम्ही काढत बसाल.