स्क्रीन काळी झाली म्हणून ट्यूब फेकू नकोस

भावा, जुन्या आर्केड गेम मशीनची (नाणं टाकून खेळायच्या) स्क्रीन काळी पडली, तर आधी नाणं टाकून बघ, आवाज येतोय का. आवाज येत असेल तर गेमचा बोर्ड बहुतेक ठीक आहे, मग मॉनिटरकडे वळ. खोलीत अंधार कर आणि ट्यूबच्या (जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या) मागच्या निमुळत्या मानेत बघ, बारीक नारिंगी उजेड दिसतो का. दिसत असेल तर फ्लायबॅकवरचा (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) 'स्क्रीन' लिहिलेला पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, अगदी थोडा फिरव, करडा पडदा उजळला तर ट्यूब जिवंत आहे, सिग्नलची वायर आणि कनेक्टर तपास.

उजेडच नसेल तर प्लग काढ, आणि हे नीट ऐक, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या अर्थिंगच्या जाळीला लाव, मग एक हात मागे ठेवून पातं अ‍ॅनोडच्या, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेजची जाड वायर जिथे जोडलेली असते तिथल्या रबरी टोपीखाली सरकव, टक् आवाज येऊ शकतो. थोड्या वेळाने परत एकदा कर. मानेला धक्का लावू नकोस, ती मोडली की ट्यूब गेली.

मग फ्यूज बघ. उडालेला असेल तर मोठा टाकू नकोस, बहुतेकदा हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर (फ्लायबॅकला चालवणारा) शॉर्ट असतो, मल्टीमीटरने त्याचे कलेक्टर-एमिटर हे दोन पाय एकमेकांत शॉर्ट आहेत का ते मोज. फ्यूज ठीक असेल तर कनेक्टरच्या पिनांभोवती सोल्डरला गोल चीर पडलीये का ते भिंगातून बघ, माझं मशीन तेवढ्यावरच चालू झालं होतं. आपल्या नाशिकच्या पावसाळ्यात दमट गोडाऊनमध्ये पडून राहिलेली मशीन आधी नीट वाळवून घे. आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मॉनिटरला घरच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा) काढून थेट लाइन कधीच जोडू नकोस. एकटा असशील तर जुना टीव्ही मेकॅनिक सोबत घे, त्यांना हे चेसिस, म्हणजे मॉनिटरचा सर्किट बोर्ड, तळहातासारखं माहीत असतं.