पेप्टाइड निकामी ठरवण्याआधी

प्रिय विद्यार्थ्यास,

अंडाशय काढलेल्या रॅट-माद्यांत तुझं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) हाडाची झीज भरून काढतं का, हे तपासायचा तुझा आराखडा वाचला. तीन महिन्यांच्या रॅट-माद्या घेऊ नकोस. त्या वयात हाडं वाढत असतात, त्यामुळे अंडाशय काढल्यानंतरची झीज आणि वाढ यांची सरमिसळ होते. सहा महिन्यांच्या घे. शॅम गट, म्हणजे पोट उघडून अंडाशय तसेच ठेवलेल्या माद्या, हवाच. अंडाशय काढलेल्या माद्या जास्त खातात, जड होतात. त्यांना शॅम गटाइतकंच खाणं मोजून दे. शेवटी गर्भाशयाचं वजन कर. ते आक्रसलं नसेल तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलाय. अशी मादी वगळायची, हा नियम आधीच लिहून ठेव.

शस्त्रक्रियेनंतर लगेच इंजेक्शनं सुरू केलीस तर तो प्रतिबंधाचा प्रयोग झाला. उपचार तपासायचा तर आठ ते बारा आठवडे थांब. मात्र तोवर टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, वरच्या टोकातली हाडाची जाळी इतकी विरळ होते की नवं हाड चढायला पृष्ठभागच उरत नाही. तिथे झीज दोन आठवड्यांतच दिसते, कंबरेच्या मणक्यात दोनेक महिन्यांनी. म्हणून मणकाही मोज.

खरी फसगत कुपीत होते. लेबलवर १ मिलिग्रॅम असतं, पण त्यात क्षार आणि पाणीही येतं. निव्वळ पेप्टाइड ८० टक्के असेल तर तू लिहिलेले ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रत्यक्षात २४ असतात. कुपीसोबतचं प्रमाणपत्र बघून हिशेब कर. पातळ द्रावणातलं पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटतं. ज्यात पेप्टाइड विरघळवतोस त्या वाहक द्रावणात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे प्रथिन घाल आणि तेच द्रावण नियंत्रण गटालाही टोच. एकेका दिवसापुरते भाग करून गोठव, वितळलेलं पुन्हा गोठवू नकोस. टेरिपॅराटाइडमध्ये, म्हणजे हाड वाढवणाऱ्या औषधी पेप्टाइडमध्ये, मेथिओनिन हे अमिनो आम्ल दोन ठिकाणी आहे; त्याचं ऑक्सिडेशन झालं की परिणाम घटतो, आणि द्रावण दिसायला तसंच स्वच्छ राहतं!

टेरिपॅराटाइडचा एक गट तुलनेसाठी ठेव, रोज एकदा त्वचेखाली. तेच पंपातून सतत सोडलं तर हाड झिजतं. तेव्हा टोचण्याचा कंटाळा म्हणून तुझं पेप्टाइडही पंपात भरू नकोस.

कॅल्सीन, म्हणजे नव्या हाडात बसून खूण ठेवणारा चमकता रंग, १० मिलिग्रॅम प्रतिकिलो, शेवटच्या दिवसाच्या दहा आणि तीन दिवस आधी टोच. ही खूण बघायची हाडं ७० टक्के इथेनॉलमध्ये, अंधारात ठेव. ईडीटीएत, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणाऱ्या रसायनात, टाकलीस तर कॅल्शियमबरोबर खूणही धुऊन जाईल. मोडून ताकद बघायचं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, सलाइनच्या ओल्या गॉझमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर. फॉर्मॅलिन लावलंस की यांत्रिक गुणधर्म बदलतात.

मायक्रो-सीटीत (हाडाची बारीक रचना दाखवणारं क्ष-किरण स्कॅन) वाढपट्टीलगतचा, म्हणजे हाड जिथून लांब वाढतं त्या पट्टीलगतचा, भाग सोडून मोजायला लाग. रॅटची वाढपट्टी मोठेपणीही पूर्ण बुजत नाही आणि तिथलं कोवळं हाड आकडे फुगवतं. थ्रेशोल्ड, म्हणजे किती दाट भाग हाड मानायचा ती मर्यादा, सगळ्या गटांना एकच, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नको. कुठलं हाड कशासाठी, याचा तक्ता नैतिकता समितीकडे अर्ज जाण्याआधी मला पाठव. वेदनाशामकाची मात्राही त्यात लिही.

तुझा,
मार्गदर्शक