पुण्यातल्या कॅज्युअल्टीत नर्स संसर्गाची खबरदारी खरंच पाळतात का?

ग्लोव्हज बहुतेक वेळा हातात असतात. चुकतं ते हात स्वच्छ करण्यात. रात्री हायवेवरून एकदम तीन अपघाती पेशंट आले की हॅन्डरबचे (हातावर चोळायच्या सॅनिटायझरचे) २० ते ३० सेकंदही जड वाटतात आणि तेच ग्लोव्हज पुढच्या खाटेपर्यंत जातात. ग्लोव्हज काढल्यावरही हात चोळायचेच असतात, हे तर हमखास विसरलं जातं. डोळ्यांत रक्ताचे शिंतोडे जाऊ नयेत म्हणून घालायच्या गॉगलचं बोलायलाच नको, तो कपाटात कुलूपबंद!

सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणं. शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा, पांढरा डबा लांब असला की हात आपोआप टोपणाकडे जातो. डबा हाताशी ठेवा, पाऊण भरला की बदला.

सुई टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना कळवा. एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या. रात्री त्या कुठे मिळतात, हे ड्यूटीवर येतानाच विचारून ठेवा. लस घेतली नसेल तर हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो; ०, १ आणि ६ महिन्यांचे डोस पूर्ण करा.